ठराव झाला, ओंजळ बाकी आहे



चवदार तळ्याची गोष्ट सांगताना आपण २० मार्च १९२७ पासून सुरुवात करतो. खरी सुरुवात त्याआधी चार वर्षे झालेली आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तोच धागा धरून चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले. पण ठराव दप्तरात राहिला, पाणी तळ्यात राहिले आणि तहानलेला माणूस काठावरच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, त्या दिवशी तो ठराव खरा झाला.

पुढचेही विसरू नये. परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तळे सार्वजनिक नाहीच, असा दिवाणी दावा पडला. त्याचा शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीच्या मागे दहा वर्षांची कोर्टबाजी. २०२७ साली त्या ओंजळीला शंभर वर्षे होतात.

ही आठवण एका अगदी रोखठोक विषयासाठी काढतो आहे. विषय आहे संगणकाचा. तुलना बरोबरीची नाही, हे आधीच सांगतो. तिथे माणूसपणाचा प्रश्न होता आणि त्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. आपल्या विषयात काठावर कोणीही काठी घेऊन उभा नाही. पण महाडने देशाला शिकवलेला धडा इथेही तंतोतंत लागू पडतो. कागदावर मिळालेला हक्क वापरात आणल्याशिवाय हक्क होत नाही, आणि वापरात नसलेला हक्क काढून घेणे फार सोपे असते.

१४ ऑक्टोबरची नोटीस

आज शेतकऱ्याचे दप्तर संगणकात गेले आहे. सातबारा तिथे, फेरफार तिथे, पीकविमा तिथे, महाडीबीटीचा अर्ज तिथे. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने २०२२ साली ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे कर्जाची खतावणीही त्याच पेटीत चालली. पोरांचे शिक्षण तर तिथे कधीच गेले आहे. महाड-पोलादपूरच्या खेड्यांत भातावर आणि नाचणीवर भागत नाही म्हणून मुंबईला गेलेला मुलगा गणपतीला येताना कंपनीतला जुना लॅपटॉप घेऊन येतो आणि धाकट्या बहिणीच्या हाती देतो. अशा पेट्या आता घरोघर दिसतात.

या बहुतेक पेट्यांवर विंडोज १० ही प्रणाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत ठेवली, एवढेच. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. पण नव्याने सापडणारी भगदाडे बुजवणारा कोणी उरला नाही. ज्या पेटीतून बँकेचे व्यवहार करायचे, तिचे दार उघडे राहिले. उपाय काय, तर विंडोज ११ घ्या. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१७ पूर्वीचा, एरवी धडधाकट असलेला संगणक भंगारात.

बैल चालतो आहे, नांगर ओढतो आहे, दाणावैरण खातो आहे. आणि ज्याने कधीकाळी त्याची वेसण विकली तो सांगतो, या बैलाला आमची नवी वेसण बसत नाही, बैल बदला. शेतकरी हे ऐकून घेईल का? संगणकाच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो. कारण दुसरी वेसण मिळते हेच आपल्याला ठाऊक नाही.

हे तळे कोणी खणले?

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालवणारी सगळी प्रणाली अशी लिहायची की ती कोणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी आणि पुढे वाटावी. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने अशा प्रणालीचा गाभा लिहिला. तो लिनक्स. १९९२ साली त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या परवान्यात एक अट आहे. तुम्ही यात सुधारणा करून ती दुसऱ्याला दिलीत, तर सुधारणेची मूळ लिखावटही त्याच हक्कांसकट द्यायची. पाणी न्या, घडाभर न्या, पण तळ्याला कुंपण घालता येणार नाही.

शेतकऱ्याला हे नवे नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ काय सांगते? संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा शेतकऱ्याने राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, देवाणघेवाण करावी, विकावे. फक्त ब्रँडचे नाव लावून विकू नये. आपल्या आज्या कणगीत बी राखत आल्या तोच हा हक्क. सॉफ्टवेअर हेही एक बीच आहे. एका दाण्याचे हजार करता येतात आणि मूळ दाणा कमी होत नाही. फरक एवढाच की विंडोजचे बी राखून पेरता येत नाही, लिनक्सचे येते.

आणि लिनक्स ही काही चार हौशी पोरांची करमणूक नाही. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ च्या यादीपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभे राहून काढता, तेव्हा तुम्ही लिनक्सच वापरत असता. मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसे बसवून त्याची देखभाल करतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर उभा आहे. धर्मादाय म्हणून कोणी करत नाही, आणि हे चांगलेच आहे. धर्मादाय आटते, गरज आटत नाही.

इंजिन आणि बैठक

मग घरच्या संगणकावर लिनक्स का दिसत नाही? पूर्वीचे कारण खरे होते. सुरुवातीचे लिनक्स म्हणजे काळा पडदा आणि त्यावर टंकायचे हुकूम. जाणकारांचे काम. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या मॅथियास एट्रिच या विद्यार्थ्याने केडीई या प्रकल्पाची हाक दिली. साध्या माणसाला माऊसने चालवता येईल असा पूर्ण पडदा, सगळ्या खिडक्या एका वळणाच्या. पुढच्या वर्षी, १९९७ साली, ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. केडीई ज्या साहित्यावर बांधले होते त्याचा परवाना तेव्हा पुरता मोकळा नव्हता, हे ग्नोमच्या जन्माचे एक कारण. तळ्याच्या काठावरच्या एका दगडावर कोणाची मालकी सांगितली जात होती म्हणून लोकांनी दुसरा घाट बांधला. आज दोन्ही घाट मोकळे आहेत.

ट्रॅक्टरचा दाखला घेतला तर लिनक्स हे इंजिन आणि डेस्कटॉप म्हणजे बैठक, स्टिअरिंग, गिअरचा दांडा. इंजिन तेच ठेवून बैठक बदलता येते. विंडोजमध्ये इंजिन आणि बैठक एकत्र मिळतात, निवड नाही. लिनक्समध्ये निवड आहे आणि नवा माणूस नेमका तिथेच गोंधळतो. म्हणून थोडक्यात सांगतो.

सिनॅमन हा लिनक्स मिंट या संचाचा मुख्य डेस्कटॉप. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजची सवय असलेला माणूस तासाभरात रुळतो. एक्सएफसीई हा साधा आणि हलका, जुन्या पेटीसाठी. केडीईचा प्लाझ्मा देखणा, आणि हवा तसा फिरवता येतो. ग्नोमचे वळण वेगळे आहे, ते थोडे मोबाईलसारखे वाटते. उबुंटू या प्रसिद्ध संचात तेच असते. एलएक्सक्यूटी सर्वांत हलक्यांपैकी एक. ज्याला काहीच माहीत नाही त्याने डोके न खाजवता मिंट घ्यावे. रॅम चार जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन, दोन-तीन असेल तर एक्सएफसीई. बैठक पुढे कधीही बदलता येते. आज निवडली म्हणजे लग्न लागले असे नाही.

सुरुवात कशी करावी

पहिली गोष्ट, काहीही पुसायची गरज नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटची फाईल साधारण तीन जीबीची असते; ती मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. पेन ड्राइव्हमध्ये आधी असलेले सगळे त्यात जाते, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा ड्राइव्ह वापरू नका.

पेन ड्राइव्ह लावून संगणक चालू करा आणि लगेच एफ १२ किंवा एस्केप दाबा. काही कंपन्यांत एफ ९, काहींत एफ २ असते. पडद्यावर यादी येईल, तीत पेन ड्राइव्ह निवडा. दोन-तीन मिनिटांत मिंटचा पडदा उभा राहतो. तो पेन ड्राइव्हवरून चालतो आहे, आतल्या हार्ड डिस्कला त्याने हात लावलेला नाही. आता चार गोष्टी तपासा. वायफाय लागते का? आवाज येतो का? प्रिंटर ओळखला जातो का? सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडते का? मिंटमध्ये फायरफॉक्स असतोच. पटले नाही तर संगणक बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, पूर्वीचे विंडोज जसेच्या तसे. बाजारात बैल दहा पावले चालवून बघतो, दात बघतो, मग व्यवहार करतो; तसेच हे.

दुसरी गोष्ट, पटले आणि बसवायचे ठरले की आधी आपले सगळे सामान दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी. महाडकरांना हे समजावण्याची गरज नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी बाजारपेठेत चढले, तेव्हा माणसे वाचवायची की दप्तर, हा प्रश्नच नव्हता. लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून घ्या.

तिसरी गोष्ट, बसवताना संगणक विचारतो: विंडोजच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? नव्याने शिकणाऱ्याने शेजारी बसवावे. चालू करताना दोन्हीपैकी एक निवडता येते. 'पुसा' म्हटल्यावर मात्र सगळे जाते आणि मग विनंती-अर्ज चालत नाही. हे काम पहिल्यांदा जाणकाराला शेजारी बसवून करा.

चौथी गोष्ट, बसवल्यानंतर पहिल्या दिवशी करायची कामे तीनच. अपडेट मॅनेजर उघडून सगळ्या दुरुस्त्या घ्या. पासवर्ड नीट ठेवा. आणि नवा प्रोग्राम हवा असेल तर इंटरनेटवर कुठूनही उचलू नका. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, तिथे हजारो प्रोग्राम तपासून ठेवलेले असतात. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिबरऑफिस बसवलेलेच येते. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर जायचे, पैसे द्यायचे नाहीत.

एक आगाऊ सूचना. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर सात-आठ वर्षांची पेटीही तरतरीत होते. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा.

मराठीचे काय?

हा प्रश्न आपल्याला सर्वांत महत्त्वाचा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडता येते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ही मांडणी भारतीय मानकाची आहे. विंडोजवर शिकलात तरी तीच, लिनक्सवर शिकलात तरी तीच. आठवडाभर रोज अर्धा तास बसले की बोटे चालू लागतात.

अक्षरेही मोकळी आहेत. लोहित हा देवनागरी फॉन्ट घ्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेली ही अक्षरे रेड हॅट कंपनीने २००४ साली मोकळ्या परवान्याखाली आणली. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस यांचे मेनू मराठीत करण्याचे कामही मराठी माणसांनी केले आहे. ते अर्धवट आहे. मेनूत चार ओळी मराठी तर पाचवी इंग्रजी, असे होते. काही शब्द असे की मराठी माणसाला इंग्रजीच बरे वाटावे. पण इथेच फरक आहे. कंपनीच्या प्रणालीत चुकीचा शब्द दिसला तर तुम्ही फक्त तक्रार करू शकता. इथे तुम्ही स्वतः तो दुरुस्त करून पाठवू शकता. गावातला बारावी झालेला, नीट मराठी लिहिणारा मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते. त्यासाठी प्रोग्राम लिहिता यावा लागत नाही.

जुन्या कागदांची अडचण मात्र खरी आहे. युनिकोड येण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची आपापली गुप्त लिपी होती. त्या फॉन्टमध्ये टंकलेली वीस-पंचवीस वर्षांची इतिवृत्ते, निवेदने, हँडबिले तो फॉन्ट नसेल तर निव्वळ चिन्हांचा उकिरडा दिसतात. आपलेच लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही. मालकीच्या कुंपणाची किंमत ती हीच. म्हणून आजपासून जे लिहायचे ते युनिकोडमध्येच. आणि जुने बदलून घेण्याचे काम संगणक आणि फॉन्ट चालू आहेत तोवर करून घ्या.

खोट कुठे आहे

सगळे गोड आहे असे सांगणारा एक तर दलाल असतो, नाही तर पुढारी. लिनक्समध्ये खोट आहे. टॅली विंडोजसाठी बनते, लिनक्ससाठी नाही. डीटीपीचे नेहमीचे मराठी प्रोग्रामही नाहीत. काही जुने लेझर प्रिंटर हट्टीपणा करतात. अंगठा घेण्याची यंत्रे आणि डिजिटल सहीची टोकने यांचे प्रोग्राम बरेचदा विंडोजपुरतेच असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्याने किंवा सोसायटीच्या सचिवाने उद्या सकाळी विंडोज पुसून टाकावे असे मी म्हणणार नाही. एक संगणक विंडोजवर ठेवा, बाकीचे मोकळे करा. यात पाप नाही.

मोठ्यांनाही हे सोपे गेले नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ साली परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेची आठवण व्हावी असाच प्रकार. पण त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी संगणक मोकळ्या सॉफ्टवेअरवर नेण्याचे जाहीर केले. आपल्याकडे केरळात २००१ साली आयटी@स्कूल हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तिथल्या सरकारी शाळांचे संगणक शिक्षण लिनक्सवर गेले, मल्याळमसकट. केरळ टिकले, कारण तिथे आधी मास्तर शिकले आणि मग पेट्या बदलल्या. पेट्या बदलून माणसे तशीच ठेवली की ठराव मागे घेण्याची वेळ येते.

फुकट म्हणून नव्हे

लिनक्स फुकट मिळते म्हणून घ्या, असे मी सांगत नाही. फुकटाशी शेतकऱ्याची जुनी ओळख आहे. एका हाताने फुकट देणारा दुसऱ्या हाताने काय काढून नेतो हे त्याला पुरते ठाऊक आहे. शिवाय शिकण्याचा वेळ, जाणकाराचा रोज, नवी एसएसडी, याला पैसे लागतातच. जाणकाराला त्याच्या घामाचे दाम द्यावे, त्याला फुकट राबवू नये.

कंपन्यांशीही भांडण नाही. चांगला माल योग्य भावात विकणाऱ्याकडून खुशाल घ्यावा. भांडण आहे ते बाहेर पडण्याची वाट बंद करण्याशी. कोकणातला बागायतदार मोहर यायच्या आधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतो, आणि मग आंबा त्याच पेढीवर, तो सांगेल त्या भावाने. दलाल वाईट असतो म्हणून नव्हे. दुसऱ्या पेढीवर जाता येत नाही म्हणून भाव पडतो. संगणकातही तसेच. आपला हिशेब एकाच कंपनीच्या साच्यात, आपले लेखन एकाच कंपनीच्या फॉन्टमध्ये, आपली बोटे एकाच कंपनीच्या पडद्याला सरावलेली. मग ती सांगेल त्या दिवशी पेटी बदलायची. बाजाराचे स्वातंत्र्य मागणाऱ्याने आपल्या टेबलावरचा बाजार आधी बघावा.

यावर एक पळवाट आपण शोधलेली आहे. शे-पाचशे रुपयांत विंडोज 'मारून' देणारा प्रत्येक तालुक्याला असतो. त्याचे भाव परवडतात, पण ती चोरी आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे अशी बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे; सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. शिवाय ज्या हाताने कुलूप तोडून दिले त्याने आत काय ठेवले हे कोण सांगणार? सोसायटीचे, दूध संघाचे, पतपेढीचे हिशेब अशा पेटीत ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाकडून करून घेणे. समोर मोकळे तळे असताना रात्री दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन जायचे, यात कसली हुशारी?

बैठकीपुढचे काम

सरकारी ठराव इथेही झालेले आहेत. ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० साली केले. सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, हे धोरण मार्च २०१५ मध्ये आले. सरकारच्याच सी-डॅक संस्थेने बॉस नावाचा लिनक्सचा संच २००७ साली बाहेर काढला, मराठीसकट. आता तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत जा आणि टेबलावर काय आहे ते बघा. बोले ठरावानंतरचे महाड आणि आजची कचेरी यांत कागदापुरते साम्य दिसेल. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, सरकारकडे मागणी. शेतकऱ्याला लागणारे प्रत्येक सरकारी संकेतस्थळ, अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सही लिनक्सवर चालली पाहिजे. ज्या पेटीसाठी सरकार पैसे मागत नाही, ती पेटी नाकारण्याचाही अधिकार सरकारला नाही. सोसायटीच्या सभासदाने आपला कर्जखाते-उतारा मागितला तर तो कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडेल अशा खुल्या नमुन्यात मिळावा.

दोन, आपले दप्तर. यापुढची इतिवृत्ते, निवेदने, सभासद याद्या युनिकोड मराठीत आणि लिबरऑफिसच्या खुल्या नमुन्यात. विंडोजवरही लिबरऑफिस चालते. तेव्हा पेटी बदलण्याची वाट न बघता हे काम उद्यापासून सुरू होते. ज्याला बोटे सरावून घ्यायची आहेत त्याने सुरुवात इथून करावी. पुढे डेस्कटॉप बदलला तरी प्रोग्राम ओळखीचाच राहतो.

तीन, माणसे. प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्ते, त्यांत एक बाई असलीच पाहिजे, यांनी हे काम शिकून घ्यावे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडपासून फार लांब नाही. तिथल्या पोरांना बोलावू, जाण्यायेण्याचा खर्च आणि त्यांचे मानधन देऊ. शेतकऱ्याच्या घरातलीच पोरे त्यांत सापडतील.

चार, पेट्या. पुढच्या बैठकीला ज्याच्या घरी 'जुना झाला' म्हणून टाकलेला लॅपटॉप आहे त्याने तो घेऊन यावा. पेन ड्राइव्ह आम्ही आणू. हार्ड डिस्कला हात न लावता प्रत्येकाने स्वतः तो चालू करून बघावा, मराठीत आपले नाव टंकावे, आपला सातबारा उघडावा. मग ज्याला बसवायचे त्याने बसवावे, ज्याला नको त्याने पेन ड्राइव्ह काढून घरी जावे. सक्ती कोणावर नाही.

भाषणे ऐकून हा विषय कळत नाही. माऊसवर आपला हात पडावा लागतो. शेजारच्याने चालवून दाखवला म्हणजे आपल्याला आला असे होत नाही, हे पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मोकळे तळे आपोआप मोकळे राहत नाही. वापरणारे कमी झाले की देखभाल थांबते, मराठीचे काम करणारे पांगतात, आणि मग कोणीतरी म्हणतो, हे कोण वापरते, बंद करा. महाडच्या नगरपालिकेला आपला ठराव फिरवायला चार-पाच महिनेसुद्धा लागले नव्हते. तिथे ओंजळ भरणारे हजारोंनी होते, मार खाऊनही ते हटले नाहीत, दहा वर्षे कोर्टात उभे राहिले, म्हणून तळे राहिले. आपल्याला मार खायचा नाही, कोर्टात जायचे नाही. एक पेन ड्राइव्ह आणि एक संध्याकाळ लागते. तेवढीही जमत नसेल, तर नव्या पेटीसाठी कर्ज काढताना तक्रार कोणाकडे करायची हे आधी ठरवून ठेवावे.